परवचा: स्मरणाच्या एका रीतीचा इतिहास

दिवेलागणीस ‘शुभंकरोति’ झालें, कीं मुलांनीं ओटीवर ओळीनें बसून परवचा म्हणावयाचा, ही रीत कोंकणांत एके काळीं घरोघरीं होती. गेल्या पावसाळ्यांत रत्नागिरीलगतच्या मिरजोळ्यास एका आप्तांकडे उतरलों असतां, त्याच वेळीं व तशाच ओटीवर, वैद्यकाची परीक्षा देऊं पाहणारी त्यांची नात फोनवर एकामागून एक कार्डें उलटीत बसलेली दिसली. वर प्रश्न, पाठीमागें उत्तर. आजोबा हंसून म्हणाले, “हा आमचा परवचाच कीं!” हें म्हणणें कितपत खरें, हें पाहणें अगत्याचें आहे, कारण ‘घोकंपट्टी’ या एका शब्दानें आम्हां इंग्रजी शिकलेल्या मंडळींनीं ही सारी रीत निकालांत काढली.

परवचा निरर्थक नव्हता. रुपयाचे सोळा आणे व आण्याचे चार पैसे, या हिशेबांत पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी, औटकी पदोपदीं लागत. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, आणि ती गरज बव्हंशीं सरली.

आवृत्तीची कला पराकोटीस पोहोंचली ती वेदपाठशाळांत. गुरूनें संथा द्यावी, शिष्यानें ती घोकावी. संहिता, पद, क्रम साधल्यावर जटेपासून घनापर्यंत आठ विकृति. घनांत पहिलें-दुसरें पद, मग दुसरें-पहिलें, पुढें तिन्ही पदें सुलट, उलट व पुन्हा सुलट म्हणावयाचीं. ऋग्वेदाचीं १०२८ सूक्तें स्वरांसह मुखोद्गत राहिलीं तीं या शिस्तीमुळें. २००३ सालीं युनेस्कोनें या परंपरेचा गौरव केला. मात्र तिचीं दारें स्त्रियांस व बहुजनांस बंद होतीं, हें विसरून अभिमान मिरवणें प्रामाणिकपणाचें नव्हे.

विस्मरणाचें मोजमाप प्रथम केलें तें हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें. निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून, ते किती वेळानें किती विसरतात हें त्यानें नोंदलें व १८८५ त ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. विस्मरण आरंभीं झपाट्यानें व पुढें मंदगतीनें होतें, असें त्यास आढळलें. बारा अक्षरसमूहांच्या मालिकेसाठीं एकाच दिवशीं केलेल्या ६८ आवृत्त्यांचें काम तीन दिवसांत वांटलेल्या ३८ आवृत्त्यांनीं साधलें. या तत्त्वावर सेबास्टियान लाइटनर यानें १९७२ त कप्प्यांची पेटी सुचविली: उत्तर आलें तर कार्ड पुढच्या कप्प्यांत, चुकलें तर पुन्हा पहिल्यांत. १९८७ त पोलंडच्या प्योत्र वोझ्न्याक यानें हा हिशेब संगणकावर सोंपविला. २००६ त डेमियन एल्म्स याची ‘अंकी’ आली. या जपानी शब्दाचा अर्थच पाठांतर.

तेव्हां आजोबांचें म्हणणें अर्धें खरें. परवच्यांत दोनाचा पाढा आणि एकोणतिसाचा पाढा रोज सारखेच म्हणावयाचे. जें पक्कें झालें त्यावरही तितकाच वेळ खर्ची पडे. नवें यंत्र पक्क्या गोष्टीस आठवड्यानें, मग महिन्यानें विचारतें, आणि निसटूं पाहणाऱ्या गोष्टीस उद्यांच. आपल्या पूर्वजांस हें गणित ठाऊक होतें, असा दावा करण्याचें कारण नाहीं. त्यांचें ध्येय पाठाची शुद्धता हें होतें.

परंतु परवच्यांत एक गोष्ट होती, ती यंत्रांत नाहीं. चूक झाली, कीं माजघरांतून आजीचा आवाज येई. कार्ड उलटणारा मात्र स्वतःचा परीक्षक स्वतःच असतो. “आलें” असें म्हणून मनाची फसवणूक करणें त्यास सोपें. मीं हें त्या मुलीस बोलून दाखविलें, तेव्हां तिनें फोन आजोबांच्या हातीं दिला व म्हणाली, “मग आजोबा, तुम्हींच विचारा.” त्यांनीं चष्मा चढविला आणि वाचावयास आरंभ केला.