खाटेपाशी बसणारांचा सल्ला

तालुक्याच्या सरकारी इस्पितळात आपले माणूस दाखल झाले की घरचे कोणीतरी सोबत जाते. लेकरू असेल तर आई जातेच जाते. डबा, चटई, पाण्याचा तांब्या घेऊन खाटेखाली छोटासा संसार मांडला जातो. आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी लंडनच्या मोठमोठ्या इस्पितळांत आईला मुलाजवळ बसू देत नसत, असे मी सांगितले तर?

१९४९ साली लंडनमधल्या भेटीच्या वेळा एकत्र करून छापल्या गेल्या. गाइज इस्पितळात भेट फक्त रविवारी, दोन ते चार. सेंट टॉमसमध्ये पहिला महिनाभर भेटच नाही. संध्याकाळी सात ते आठ या वेळात आईबापांनी झोपलेले मूल पाहून जावे. लंडन हॉस्पिटलात तीन वर्षांखालच्या मुलाला लांबून, आडोशापलीकडून पाहायचे. ही डॉक्टरमंडळी काही निर्दय नव्हती बरे का. बाहेरच्या माणसाबरोबर साथीचा रोग आत येईल ही त्यांना धास्ती, आणि पेनिसिलिनच्या आधीच्या काळात ती खोटीही नव्हती. दुसरे कारण मात्र विचार करण्याजोगे आहे. आई येऊन गेली की मूल रडते, आली नाही की गप्प राहते. तेव्हा न आलेलीच बरी!

या गप्प राहण्यावर जेम्स रॉबर्टसन यांनी बोट ठेवले. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये ते जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम करीत. त्यांचे म्हणणे असे, की मूल आधी आकांत करते, मग खचते, आणि शेवटी आई समोर आली तरी ओळख न दाखवल्यासारखे वागते. परिचारिका म्हणतात, ‘रुळले हो.’ ते रुळणे नव्हे. डॉक्टरांना हे पटेना. तेव्हा रॉबर्टसननी हाती कॅमेरा घेतला; पूर्वी कधी चित्रण केलेले नव्हते! हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस राहिलेल्या लॉरा नावाच्या दोन वर्षांच्या मुलीचे त्यांनी रोज ठरल्या वेळी चित्रण केले. मुद्दाम रडवे पोर शोधले असे कोणी म्हणू नये, म्हणून मुलाची निवड दैवावर सोपवली होती. १९५२ साली हा चित्रपट लंडनच्या वैद्यकसभेत दाखवला, तेव्हा पुष्कळ डॉक्टर रागावले. लॉरा फारशी रडत नाही. रडू आवरणारे ते एवढेसे तोंडच पाहवत नाही.

पुढे सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९५९ साली आला. आईबापांना केव्हाही भेटू द्यावे, लहान मुलांच्या आईची इस्पितळात राहण्याची सोय करावी, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. सरकारने ते मान्य केले. आता, मान्य झालेल्या कागदाचे पुढे काय होते हे आपल्या गुरुजीमंडळींना मी सांगायला नको. भेटीच्या वेळांच्या पाट्या अनेक ठिकाणी होत्या तशाच राहिल्या.

तेव्हा आया पुढे आल्या. १९६१ साली लंडनच्या बॅटरसी भागातल्या काही तरुण आयांनी एक संस्था काढली. इस्पितळाने आईला मुलाजवळ राहू द्यावे, एवढीच तिची मागणी. या बायकांजवळ अधिकार नव्हता, वैद्यकाची पदवी नव्हती. इस्पितळाने वर कळवलेला नियम आणि दाराशी प्रत्यक्ष चालणारा नियम यांतले अंतर मात्र त्यांना ठाऊक होते, कारण त्या दाराशी उभ्या राहिल्या होत्या. माझ्या मते त्यांचे सारे बळ यातच होते.

अमेरिकेत ही गोष्ट आणखी पुढे गेली, पण तिथे एका मरणानंतर. बेट्सी लेहमन ही ‘बॉस्टन ग्लोब’ वृत्तपत्रात आरोग्यावर लिहिणारी बाई. १९९४ साली बॉस्टनच्या डाना-फार्बर संस्थेत कर्करोगाचे उपचार घेत असताना, चार दिवसांत मिळून द्यायचे औषध तिला रोजच्या रोज दिले गेले, आणि ती दगावली. पुढे १९९८ साली तिथे रोगी व नातेवाइकांचे सल्लागार मंडळ स्थापन झाले. २००८ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदाच केला, की प्रत्येक इस्पितळात असे मंडळ हवे आणि त्यातले निदान निम्मे सभासद रोगी किंवा त्यांचे नातेवाईक हवेत.

आणि आपल्याकडे? १९९४ साली सुरतेत प्लेग आला, तेव्हा होळकरांच्या इंदुरात महाराजा यशवंतराव इस्पितळातल्या उंदरांकडे लोकांचे लक्ष गेले. त्या सफाईच्या कामातून रुग्ण कल्याण समितीची कल्पना निघाली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली. महाराष्ट्रात २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनवाईत गावकरी अधिकाऱ्यांसमोर उभे राहून बोलू लागले. औषध बाहेरून का आणायला लावले, बाळंतपणाच्या वेळी दाराला कुलूप का होते, असे साधे प्रश्न.

इंग्लंडातल्या आईला खाटेपर्यंत पोचायला झगडावे लागले. आपली आई तिथे पहिल्यापासूनच आहे. रात्री सलाईन संपले की नर्सला हाक तीच मारते. पण समितीची बैठक भरते तेव्हा तिला कोणी बोलावत नाही. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीवर कोण कोण आहे आणि बैठक केव्हा भरते, हे तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारता येते. गुरुजी, वर्गातल्या एखाद्या मुलाची आई नुकतीच दवाखान्यातून घरी आली असेल, तर विचारायला जाताना तिला बरोबर घ्या.