आसफ फैजी : निकाहनाम्यातील अटींचे महत्त्व ओळखणारा प्राध्यापक (धागा)

१/ इ. स. १९३८. माथेरान येथे १८९९ मध्ये जन्मलेले, केंब्रिजमध्ये शिकलेले बॅरिस्टर आसफ अली असगर फैजी मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. न्यायशास्त्राचे पेरी प्राध्यापकपदही त्यांच्याकडे आले.

२/ काळ घडामोडींचा होता. १९३७ च्या शरीयत कायद्याने मुस्लिमांच्या विवाह, तलाक इत्यादी बाबतींत रूढीऐवजी शरीयत लागू केली होती. परंतु भारतीय न्यायालये ज्या हनफी मताचा अवलंब करीत, त्यानुसार पत्नीला न्यायालयातून विवाहविच्छेद मिळणे जवळजवळ अशक्य होते. पती परागंदा झाला, तरी ती विवाहबद्धच राही. सुटकेसाठी काही स्त्रिया धर्मत्याग करीत.

३/ १९३९ च्या कायद्याने हे चित्र पालटले. पती चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे पोटगी न देणे अशी कारणे मान्य झाली. यासाठी आधार घेतला गेला तो मालिकी मताचा. म्हणजेच बदलाची वाट परंपरेतच होती.

४/ फैजींच्या अध्यापनाचा आणि लेखनाचा गाभाही हाच. मुस्लिम विवाह हा कायद्याच्या दृष्टीने करार आहे. करार म्हटला की अटी आल्या. विशिष्ट परिस्थितीत तलाकचा अधिकार पत्नीकडे सोपविण्याची अट (तलाक-ए-तफवीज) न्यायालयांनीही ग्राह्य धरली होती.

५/ १९४९ मध्ये त्यांचा ‘आउटलाइन्स ऑफ मुहम्मडन लॉ’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी विवाहकराराचे नमुनेही दिले. विद्वत्तेच्या ग्रंथात अशी व्यवहारोपयोगी जोड विरळाच.

६/ पुढे ते इजिप्तमध्ये भारताचे राजदूत, केंद्रीय लोकसेवा आयोगाचे सदस्य आणि जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अभ्यास मात्र सुटला नाही. फातिमी विधिशास्त्रातील ‘दआइम अल-इस्लाम’ या अरबी ग्रंथाचे त्यांनी संपादन केले. श्रद्धा चिरंतन, कायदा मात्र कालानुरूप. दोहोंची गल्लत नको, ही भूमिका त्यांनी १९६३ च्या ‘अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम’मध्ये मांडली. ती अनेकांना रुचली नाही.

७/ १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१७ च्या तिहेरी तलाक खटल्यात न्या. रोहिंटन नरीमन यांच्या निकालपत्रात फैजींच्या ग्रंथाचा आधार दिसतो. निकाल यायला दशके लोटली; निकाहनाम्यात अट लिहिण्याची मुभा मात्र तेव्हाही होती, आजही आहे. लिहिणारे हात तेवढे थोडे.