नाटकातल्या दिव्यांना नंबर का असतात? लाइट प्लॉटवरची लेबलं समजून घ्या

दादरचं शिवाजी मंदिर. रविवारी दुपारी एका नाटकाचा प्रयोग, रात्री दुसऱ्याच नाटकाचा. दुपारचा पडदा पडला की एक सेट उतरून टेम्पोत चढतो आणि दुसरा टेम्पो रिकामा व्हायला लागतो. मधल्या थोड्याशा वेळात वर टांगलेल्या दिव्यांचीही हलवाहलव करायची असते. कुणाची जागा बदलते, कुणाला निळं जिलेटिन लागतं, कुणाचा रोख सोफ्यावरून खिडकीकडे वळवायचा असतो. शिडीवरच्या माणसाला खालून कुणीतरी ओरडतं, "अरे तो नाही, त्याच्या बाजूचा!"

बाजूचा म्हणजे कुठल्या बाजूचा? वरच्या माणसाची डावी बाजू ही खालच्याची उजवी असू शकते. हा गोंधळ टाळायला प्रकाशयोजनाकार एक नकाशा काढतात आणि त्यावरच्या प्रत्येक दिव्याला नंबर देतात.

लाइट प्लॉट म्हणजे काय?

नाट्यगृहाचं छप्पर काढून वरून खाली पाहिलं तर रंगमंच जसा दिसेल, तसा प्रमाणात काढलेला नकाशा म्हणजे लाइट प्लॉट. प्रमाण साधारणपणे १:२५ किंवा १:५० असतं. मी पहिल्यांदा असा प्लॉट पाहिला तेव्हा मला तो लोकलचा नकाशा वाटला होता. आडव्या रेषा म्हणजे दिवे टांगायचे बार, त्यांवर स्टेशनांसारखी लटकलेली चिन्हं म्हणजे दिवे.

चिन्हावरून दिव्याचा प्रकार कळतो. पार, प्रोफाइल, फ्रेनेल, मूव्हिंग हेड या सगळ्यांचे आकार वेगवेगळे. ('पार ६४' मधला ६४ हा आकडा काचेच्या व्यासाचा आहे, इंचाच्या आठव्या भागात मोजलेला. म्हणजे बरोबर आठ इंच.) पण एकाच बारवर एकसारखे दहा पार असतील तर त्यातला नेमका हा कोणता, ते चिन्ह सांगत नाही. ते लेबल सांगतं.

एकाच दिव्याला तीन नंबर

नवख्या माणसाची गाडी इथेच अडते, कारण एका दिव्याशेजारी निदान तीन आकडे असतात आणि तिघांचं काम वेगळं.

पहिला युनिट नंबर. दिवा बारवर कितवा आहे, ते हा सांगतो. यूएसआयटीटी या अमेरिकी रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेने प्लॉट कसा काढावा याची शिफारस-पुस्तिका केली आहे. तिच्या पद्धतीत हा नंबर चिन्हाच्या पोटात लिहितात आणि मोजणी स्टेज लेफ्टपासून सुरू करतात. स्टेज लेफ्ट म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची डावी बाजू, म्हणजेच खुर्चीत बसलेल्या आपली उजवी. हे एकदा ठरलं की शिडीवरचा आणि खालचा माणूस एकच भाषा बोलू लागतात.

दुसरा चॅनेल नंबर, बहुतेक वेळा गोलात लिहिलेला. लाइट बोर्डावर बसलेला ऑपरेटर दिव्याला याच नंबराने ओळखतो.

तिसरा पत्ता, म्हणजे दिव्याला किंवा डिमरला सिग्नल कुठून मिळतो त्याचा क्रमांक. १९८६ मध्ये आलेल्या डीएमएक्स ५१२ या पद्धतीत एका केबलवर ५१२ पत्ते बसतात. साध्या डिमरला एक पत्ता पुरतो. मूव्हिंग हेडला मात्र फिरणं, रंग, झूम अशा प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा लागतो. २४ पत्ते घेणारा दिवा १०१ वर सुरू झाला, तर पुढचा मोकळा पत्ता १२५. तोच दिवा वेगळ्या मोडवर लावला तर तो कमी-जास्त पत्ते घेतो. म्हणून मोडही लेबलवर लागतो.

आता समजा, नाटकात सोफ्यावर पडणारा एक पिवळसर दिवा आहे आणि त्याचा चॅनेल आहे २१. दादरला तो समोरच्या बारवर चौथा टांगला. पुढचा प्रयोग गिरगावात, केळेवाडीतल्या साहित्य संघ मंदिरात आहे. तिथले बार वेगळे, त्यांची अंतरं वेगळी. तोच दिवा तिथे सहाव्या जागी बसला आणि दुसऱ्या डिमरवर गेला. युनिट नंबर बदलला, पत्ताही बदलला. चॅनेल मात्र २१ च राहिला पाहिजे. कारण बोर्डात साठवलेला क्यू एवढंच म्हणतो, 'चॅनेल २१, ६० टक्के.' दिवा कुठे टांगलाय याच्याशी त्या क्यूला काही देणंघेणं नाही.

म्हणजे युनिट आणि पत्ता हे नाट्यगृहाचे, चॅनेल हा नाटकाचा. गावोगाव फिरणाऱ्या मराठी नाटकासाठी ही विभागणी फार कामाची आहे. ती नीट पाळली तर नव्या ठिकाणी फक्त पॅचिंग आणि फोकसिंग करायचं उरतं. नाही पाळली तर सगळे क्यू पुन्हा बसवत बसा, तेही तिसरी घंटा डोक्यावर असताना.

चॅनेल नंबर देण्यातही डोकं लावता येतं. येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ च्या पुस्तकात रंगमंचाचे भाग पाडून प्रत्येक भागाला दोन बाजूंनी, एक उबदार आणि एक थंड, असा प्रकाश देण्याची पद्धत मांडली. त्यावरून अनेकजण नंबरांची अशी जुळणी करतात: तिसऱ्या भागाचा उबदार दिवा ३, थंड दिवा १३, मागचा दिवा २३. शेवटी ३ दिसला की दिवा तिसऱ्या भागाचा. तालमीत दिग्दर्शक "तिथे जरा गार कर" म्हणाला की ऑपरेटरला कागद शोधावा लागत नाही.

मग सॉफ्टवेअरचं काम काय?

हाताने काढलेल्या प्लॉटमध्ये, किंवा कॅडवर नुसतं अक्षर टाइप करून केलेल्या प्लॉटमध्ये, लेबल आणि दिवा यांचा एकमेकांशी संबंध नसतो. दिवा सरकवला, अक्षर जागेवरच राहिलं, आणि ते आता शेजारच्या दिव्याचं वाटायला लागलं. अशी चूक कागदावर दिसत नाही. ती शिडीवर चढल्यावर कळते.

वेक्टरवर्क्स स्पॉटलाइटसारख्या खास प्रकाशयोजनेच्या सॉफ्टवेअरमध्ये दिव्याचं चिन्ह आपली माहिती स्वतःजवळ बाळगतं: प्रकार, वॅट, रंग, चॅनेल, पत्ता, उद्देश. लेबल ही त्या माहितीची फक्त खिडकी. कोणती माहिती चिन्हाच्या कुठल्या बाजूला, कुठल्या चौकटीत दिसावी याचा साचा एकदा बनवायचा. त्याला तिथे 'लेबल लेजंड' म्हणतात. मग तो साचा सगळ्या दिव्यांना लागू होतो. दिवा फिरवला तरी आकडे उलटे पडू नयेत अशीही सोय असते. ऑटोकॅडमध्ये ॲट्रिब्यूट असलेले ब्लॉक वापरून असंच काम बरंचसं होतं.

खरा फायदा पुढे आहे. याच माहितीतून याद्या निघतात: किती पार हवेत, कुठल्या रंगाची किती जिलेटिनं कापायची, कुठल्या डिमरवर किती भार. जॉन मॅककर्नन यांचं लाइटराइट हे सॉफ्टवेअर याच याद्यांसाठी प्रसिद्ध आहे. ते वेक्टरवर्क्सशी जोडलं की यादीत केलेला बदल नकाशात दिसतो आणि नकाशातला यादीत.

भाराची यादी तर जपून वाचायची. २३० व्होल्टवर १५ अँपिअरचं सर्किट ३,४५० वॅट सोसतं. म्हणजे हजार वॅटचे तीन दिवे ठीक, चौथा नाही. लेबलवर वॅट लिहिलेला नसेल तर हा हिशेब कुणीतरी अंदाजाने करतं.

कुठे चुकतं?

सगळ्यात जास्त कॉपी-पेस्टमध्ये. दिव्याची नक्कल केली की त्याचा चॅनेलही नक्कल होतो. दोन दिवे एकाच चॅनेलवर मुद्दाम ठेवले असतील तर हरकत नाही, नकळत राहिले तर तांत्रिक तालमीत भलताच कोपरा उजळतो. दुसरी खोड स्पेलिंगची. एका दिव्याला 'एल २०१' लिहिलं आणि दुसऱ्याला 'ली २०१', तर माणसाला कळतं की दोन्ही ली फिल्टर्सचं तेच निळं जिलेटिन आहे. सॉफ्टवेअर त्यांच्या दोन ओळी करतं. आणि क्यू लिहून झाल्यावर नंबर 'जरा नीट' लावायचा मोह तर अजिबात नको. चॅनेल बदलले की बोर्डातले सगळे क्यू भलत्या दिव्यांकडे जातात.

माझ्या मते आणखी एक चूक म्हणजे सगळंच छापणं. आठ-आठ आकड्यांनी वेढलेला दिवा अंधाऱ्या विंगेत कुणालाही वाचता येत नाही. दोन साचे करा. टांगणाऱ्यांसाठी युनिट, रंग आणि पत्ता, डिझायनरसाठी चॅनेल आणि उद्देश. चिन्हांचा खुलासा मात्र दोन्हीकडे हवा.

महागडं सॉफ्टवेअर नसेल तर?

ही अडचण खरी आहे, विशेषतः एकांकिका स्पर्धांतल्या मुलांची. वेक्टरवर्क्स आणि ऑटोकॅड दोन्ही विद्यार्थ्यांना मोफत मिळतात. तेही नको असेल तर आलेख कागद, एक स्प्रेडशीट आणि दिव्याच्या मागे चिकटवलेला मास्किंग टेपचा तुकडा, एवढ्यावर हीच पद्धत चालते. फक्त कागदावरचा नंबर आणि टेपवरचा नंबर एकच असला पाहिजे.

प्रत्येक नाट्यगृहाचा रिकामा नकाशाही वेगळा जपून ठेवावा, बारची अंतरं आणि उंची मोजून. मुंबईत हे काम पुन्हा पुन्हा करावं लागतंय. परळचं १९२२ चं दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झालं. प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर नूतनीकरणानंतर २०२५ मध्ये उघडलं. नाट्यगृह नवं झालं की जुनी मापं गृहीत धरता येत नाहीत, टेप घेऊन पुन्हा वर चढायचं.

आणि प्लॉटच्या कोपऱ्यातल्या चौकटीत नाटकाचं आणि नाट्यगृहाचं नाव लिहिता तिथेच तारीख आणि आवृत्ती क्रमांकही टाका. व्हॉट्सॲपवर 'फायनल', 'फायनल नवा' आणि 'फायनल हाच' अशा तीन पीडीएफ फिरत असतात, आणि शिडीवरच्या माणसाच्या फोनमध्ये त्यातली पहिली उघडलेली असते.