पोत्याची कुळकथा

बाजार समितीतले हमाल ज्याला बारदान म्हणतात, ते तपकिरी पोतं तागाचं. बंगालचे विणकर फार पूर्वीपासून हातमागावर गोणपाट विणत. १८३०च्या दशकात स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांना कळलं की देवमाशाचं तेल आणि पाणी मुरवलं की ताठर ताग मऊ पडतो, यंत्रावर कातता येतो. पुढे क्रिमियाच्या युद्धात रशियाचा जवसाचा धागा येईना, तेव्हा तागाचं नशीब फळफळलं. १८५५मध्ये जॉर्ज अ‍ॅकलंडने हुगळीकाठी रिश्राला भारतातली यंत्रावरची पहिली तागाची सूतगिरणी काढली.

गिरण्या कलकत्त्याभोवती वाढल्या, कारण तिथे बंदर होतं, राणीगंजचा कोळसा होता. उत्तम ताग पिके तो मात्र ढाका, मैमनसिंगकडच्या गाळाच्या जमिनीत. कापलेल्या ताटांच्या पेंढ्या पाण्यात दोन-तीन आठवडे कुजत ठेवायच्या, मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून हाताने ताटांची साल सोलून धागा काढायचा. कुजक्या पाण्याची ती घाण अंगाला चिकटून राहते. हे करणाऱ्याच्या हाती दर ठरवणं कधीच नव्हतं. दलालाकडून उचल घेतलेली, माल पडेल त्या भावाने द्यायचा. १९३०च्या मंदीत भाव कोसळले आणि शेतकरी कर्जात बुडाला. आउस, म्हणजे पावसाळ्याआधी पेरायच्या भाताच्या हंगामात, त्याच रानात ताग पेरलेला, म्हणजे धान्यही विकतच आणायचं.

शेत एकीकडे आणि गिरणी दुसरीकडे ही घडी इंग्रजी व्यापाराने बसवली होती. १९४७मध्ये फाळणीची रॅडक्लिफ रेषा नेमकी त्या दोहोंच्या मधून गेली. गिरण्या सगळ्या भारतात राहिल्या, तागाची बहुतेक जमीन पूर्व पाकिस्तानात गेली. सप्टेंबर १९४९मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्तानने केलं नाही. विनिमय दराच्या वादात दोन्ही देशांतला व्यापारच थांबला. गिरण्यांना कच्चा माल मिळेना, पलीकडे ताग पडून राहिला.

मग दोन्ही देशांनी आपापलं अर्धं अंग नव्याने घडवायला घेतलं. पूर्व पाकिस्तानात नारायणगंजला १९५१मध्ये आदमजी गिरणी सुरू झाली. भारताने पश्चिम बंगाल, आसाम, बिहारमध्ये ताग वाढवला, आणि त्यासाठी बंगालमधली भाताची कितीतरी जमीन गेली. फाळणीने निर्वासितांची तोंडं वाढलेली असताना ही जमीन भाताकडून काढून घ्यावी लागली, हे मला या साऱ्यातलं सर्वांत क्रूर वाटतं.

पूर्व पाकिस्तानचा पुढे बांगलादेश झाला; तिथली आदमजी २००२मध्ये बंद पडली. भारतात १९८७च्या कायद्याने धान्याला तागाचं पोतं सक्तीचं झालं, आणि २०१७मध्ये बांगलादेशच्या तागाच्या मालावर भारताने डम्पिंगविरोधी शुल्क बसवलं.