फुकटचे मासे

‘फिश टँक, स्टँड, फिल्टर आणि सहा गोल्डफिश. फुकट. स्वतः येऊन घेऊन जाणे.’ अशी मेल आमच्या हापिसात वर्षातून दोन-तीनदा तरी फिरते. कोणाला ऑनसाइट मिळतं, कोणी घर बदलतं, कोणाकडे बाळ येणार असतं. टँक अर्ध्या तासात खपतो. मासे मात्र खपत नाहीत. "टँक घेतो रे, पण मासे तू बघ कुठेतरी" असं उत्तर देणारे नग मी स्वतः पाहिलेत. जुन्या पाण्यातले, दुसऱ्याने वाढवलेले मासे नकोत, दुकानातून नवे कोरे हवेत!

म्हणून गेले दोन-तीन वीकांत या नकोशा माशांचा इतिहास शोधण्यात घालवले. आणि मंडळी, पहिलाच शोध मजेशीर निघाला. गोल्डफिश हा प्राणीच मुळात जीवदान मिळालेल्या माशांची औलाद आहे.

गोष्ट चीनमधली. गोल्डफिशचा पूर्वज म्हणजे राखाडी-चंदेरी रंगाचा, साधा खायचा मासा. कार्पच्या कुळातला, आपल्या रोहू-कटल्याचा लांबचा चुलतभाऊ. या माशात क्वचित एखादं पिल्लू लालसर-पिवळं निपजतं. उघड्या नदीत ते फार दिवस टिकायचं नाही, बगळ्याला लांबूनच दिसणार. पण बौद्ध लोकांत जीव सोडवण्याची प्रथा होती (चिनी भाषेत फांगशंग). मारायला आणलेला प्राणी घ्यायचा आणि सोडून द्यायचा, पुण्य लागतं. देवळांजवळ त्यासाठी खास तळी असत. असा सोनेरी मासा हाती लागला की तो कढईत जाण्याऐवजी तळ्यात जायचा. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सुंग राजवटीच्या सुरुवातीला, ज्याशिंग आणि हांगचौ भागात अशा तळ्यांतल्या सोनेरी माशांचे उल्लेख मिळतात. तळं बंदिस्त, त्यात सोनेरी मासे सोनेरी माशांबरोबर, आणि वर कोणी खाणार नाही. म्हणजे एक प्रकारचं सिलेक्टिव्ह ब्रीडिंगच झालं की, आणि तेही कोणी ठरवलेलं नसताना! बाराव्या शतकात सम्राट गाओझोंगने हांगचौच्या राजवाड्यात त्यांच्यासाठी तळी बांधली, आणि सोळाव्या शतकापर्यंत हे मासे तळ्यातून घरातल्या कुंडात आले. शेपट्या फुटलेले, डोळे बाहेर आलेले प्रकार त्यानंतरचे.

इथवर हा मासा सांभाळण्याची गोष्ट होती. फेकण्याची गोष्ट, माझ्या मते, इंग्लंडात सुरू होते.

१८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या लंडनच्या रसायनतज्ज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाई ठेवल्या, तर पाणी सारखं न बदलताही सगळे जगतात. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यघर उघडलं. १८५४ साली फिलिप हेन्री गॉसचं मत्स्यालयावरचं पुस्तक आलं आणि मग जी लाट उठली ती विचारू नका. प्रत्येक दिवाणखान्यात काचेची पेटी हवीच. लोक रेल्वेने समुद्रकिनारी जायचे आणि टोपल्या भरभरून जीव उचलून आणायचे. पुढे गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ सालच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं की त्या किनाऱ्यांची पार वाट लागली, आणि त्यात बापाच्या पुस्तकांचाही हात होता.

पण मला जास्त लागलं ते जे. जी. वुड या पाद्र्याने १८६८ साली नोंदवलेलं. लाट ओसरल्यावर दहापैकी नऊ मत्स्यपेट्या लोकांनी सोडून दिल्या, असं तो सांगतो. पेट्यांचं काय झालं ते समजू शकतं. आतल्या जिवांचा हिशोब कोण ठेवणार?

अमेरिकेने तर याच्यावर कडी केली. तिथल्या सरकारी मत्स्य आयोगाचं खरं काम खाद्य माशांचं उत्पादन वाढवण्याचं. पण १८७८ साली अ‍ॅडमिरल अ‍ॅमन यांनी जपानहून गोल्डफिश आणून आयोगाला दिले, त्यांची पैदास झाली, आणि मग वॉशिंग्टनच्या नागरिकांना हे मासे चक्क फुकट वाटायला सुरुवात झाली. अर्ज करा, मासा न्या! वर्षाला हजारोंनी मासे वाटले जाऊ लागले तेव्हा १८९०च्या दशकात आयोगाने हा उद्योग आवरता घेतला. वाटपाची यंत्रणा चोख होती, परत घेण्याची नव्हतीच. आमच्या भाषेत सांगायचं तर इन्स्टॉलर लिहिला, अनइन्स्टॉल लिहायचं राहून गेलं.

मग जत्रा आल्या. चेंडू मारा, पिशवीतला गोल्डफिश जिंका. १९५६ साली यॉर्कशायरमधल्या एका जत्रेत जिंकलेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ साली मेला. म्हणजे ४३ वर्षं जगला! हा अर्थात विक्रम आहे, पण चांगल्या पाण्यात गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं सहज काढतो आणि वीतभर लांब होतो. गोल बाउलमध्ये तो ‘आठवडाभरच जगतो’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्याचं आयुष्य सांगत नसतो, आपण त्याला किती वेळात मारतो ते सांगत असतो. रोमने २००५ साली गोल बाउलवर आणि बक्षीस म्हणून मासे देण्यावर बंदी घातली, ते मला तरी अजिबात हास्यास्पद वाटत नाही.

जे मरत नाहीत त्यांचं काय? ते नदीत जातात. मालकाला वाटतं आपण सुटका केली, चिनी भिक्षूंसारखं पुण्य कमावलं. आपल्याकडे तर नकोशी वस्तू पाण्यात सोडायची सवयच आहे. निर्माल्य नदीत, जुन्या तसबिरी नदीत, मासा तर काय पाण्यातलाच! पण देवळाचं तळं बंदिस्त होतं, नदी नाही. लायनफिश हा आपल्या बाजूच्या समुद्रांतला विषारी काट्यांचा देखणा मासा. १९८५ साली तो फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सापडला. घरच्या टँकमधून सोडला गेला असावा असंच सगळे मानतात. आज तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून ब्राझीलपर्यंत पसरलाय आणि प्रवाळातली लहान मासळी फस्त करतोय.

आपल्याकडेही नमुने आहेत. ‘टँक क्लीनर’ म्हणून विकला जाणारा सकर फिश मूळ दक्षिण अमेरिकेचा. दुकानात दोन इंचांचा असतो, वाढून हात-दीड हात होतो, आणि टँक साफ करण्यापेक्षा घाणच जास्त करतो. मग जातो कालव्यात. केरळ, तमिळनाडू, आंध्र, बंगाल इथल्या पाण्यात तो आता ठाण मांडून बसलाय. अंगावर चिलखत असल्याने कोणी खात नाही, आणि जाळी फाटतात ती मच्छीमारांची. (गप्पी माशांची गोष्ट वेगळी, ते सरकारनेच डासांसाठी सोडले. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ भिंतींवर वाचलं असेलच. आणि हो, गप्पी हे नाव गप्पांवरून नाही, त्रिनिदादच्या गप्पी नावाच्या साहेबावरून आलंय.)

नवे मासे येतात कुठून, हाही प्रश्न आहेच. गोल्डफिश, गप्पी, मॉली हे पैदास केंद्रातले. पण समुद्री मासे बहुतांशी अजूनही जंगली, पकडून आणलेले. आणि आपल्या सह्याद्रीच्याच केरळकडच्या ओढ्यांतला मिस केरळ, ज्याच्या अंगावर लाल-काळा पट्टा असतो, १९९०च्या दशकात परदेशी टँकवाल्यांच्या नजरेत भरला. इतका उपसा झाला की २००८ साली केरळ सरकारला त्याच्या पकडीवर निर्बंध आणावे लागले. आता तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे.

तर उपाय म्हणून दत्तक. फ्लोरिडाने २००६ साली एक योजना सुरू केली. नकोसा झालेला विदेशी प्राणी, मासेसुद्धा, आणून द्या. दंड नाही, चौकशी नाही. आधीच नाव नोंदवून तपासलेल्या पाळणाऱ्यांना तो सोपवला जातो. पॅरिसच्या मत्स्यालयाने तर गोल्डफिशसाठी आश्रयस्थानच काढलं. आणलेल्या माशावर औषधोपचार, महिनाभर वेगळं ठेवणं, आणि मग मोठ्या टँकमध्ये इतरांसोबत. २०१८पर्यंत, म्हणजे पहिल्या दोनेक वर्षांत, सुमारे सहाशे मासे तिथे आले होते. लोकांना टॉयलेटमध्ये फ्लश करण्यापेक्षा बरा पर्याय मिळाला, एवढंच.

यावर एक शंका घेता येते, आणि ती रास्त आहे. नकोसे मासे घेणारा कोणी असेल, तर लोक बिनधास्त नवे विकत घेणार नाहीत का? काही घेतील. पण उलट बाजूने बघा. ज्याला मासे पाळायचेच आहेत त्याने दुकानाऐवजी शेजाऱ्याचे घेतले, तर एक खरेदी टळते आणि एक नदी वाचते. मला हा सौदा पटतो. शिवाय मोठा झालेला मासा कसा दिसतो, किती जागा खातो, हे आधीच डोळ्यांनी दिसतं. दुकानातल्या दोन इंची पिल्लावरून ते कळत नाही.

घेणार असाल तर दोन-तीन गोष्टी. घरात आधीचे मासे असतील तर नव्या पाहुण्याला तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा. पॅरिसवाले करतात ते उगीच नाही. सकर किंवा गोल्डफिश घेताना टँकच्या लांबीचा विचार आज नको, दोन वर्षांनंतरचा करा. जमत नसेल तर जवळच्या दुकानदाराला विचारा. चांगले दुकानदार मोठे मासे परत घेतात, पैसे देत नाहीत एवढंच.

आणि पूर्ण टँक उचलत असाल तर फिल्टर त्याच्याच पाण्यात ओला ठेवून आणा. माशाच्या लघवीतून आणि कल्ल्यांतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्या घाणेरड्या दिसणाऱ्या स्पंजमध्ये राहतात. त्यांना तयार व्हायला महिना लागतो. नळाखाली धरला तर क्लोरीनमुळे ते तिथल्या तिथे मरतात, आणि मग आठवडाभरात मासेही.