सुटून आलेला माणूस आणि दिंडीतली जागा



शताब्दीच्या या स्मरणिकेसाठी विणेकऱ्यांची यादी करायला आम्ही बसलो, तेव्हा दुपारपर्यंत काम सुरळीत चाललं. जुन्या वह्या होत्या, म्हाताऱ्यांच्या आठवणी होत्या. एका नावापाशी मात्र लेखणी थांबली. कोणी म्हणालं, "लिहा की, त्यांनी आठ वर्षं वीणा धरली." दुसरा म्हणाला, "पुस्तक घरोघरी जाणार आहे. उद्या पोरं विचारतील." त्या दिवशी यादी अर्धीच राहिली. हा लेख त्या अर्ध्या यादीतून निघाला आहे. नाव इथं लिहीत नाही, ते यादीत आहे. गावातल्या जुन्या लोकांना सांगायची गरज नाही.

गोष्ट चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची. तेव्हा गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, आपण भंडाऱ्यात होतो; वेगळे झालो ते १ मे १९९९ ला. रोवण्याचे दिवस होते. आपल्या भागातल्या वारकऱ्याची आषाढी नेहमी अशीच अडते. तिकडं देशावर पेरणी उरकून लोक पालखीसोबत निघतात, आणि इकडं बांधीत चिखल झालेला असतो, पऱ्हे उपटायला आलेले असतात. निम्मी दिंडी घरीच राहते. त्या वर्षी दोघंही घरी राहिले होते. धुऱ्याच्या आणि पाण्याच्या वादातून हातघाई झाली, फावड्याचा घाव बसला आणि एक माणूस गेला. मरणारा आपल्या दिंडीचा टाळकरी. मारणाराही दिंडीचाच. आदल्या कार्तिकीला दोघं एका डब्यात बसून पंढरीला गेले होते, गोंदिया, नागपूर, भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी, आणि पुढं बार्शी लाइट रेल्वेच्या त्या लहान गाडीनं.

जन्मठेप झाली. १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन अशा शिक्षेत किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सुटका नाही असं ठरलं होतं. ती त्यांनी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात काढली. तिथं सुतारकी शिकले. परत आले तेव्हा मिशी पांढरी झाली होती.

आता कबुली द्यायला हवी, कारण स्मरणिकेत फक्त गोडच छापायचं तर ती लग्नपत्रिका होईल. आम्ही त्यांना दिंडीत घेतलं, पण शेवटच्या ओळीत. पंगतीत बसवलं, पण कडेला. पालखीचा खालचा पाट कुजला होता, तो त्यांनी सागवानाचा नवा करून दिला, मजुरी घेतली नाही. तो आम्ही आनंदानं घेतला. त्यांच्या हातचं लाकूड चाललं, त्यांच्या हातात वीणा चालेना. असं पाच-सहा वर्षं चाललं. ठराव कोणी केला नव्हता. बोलायचं नाही, एवढंच सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकलं होतं.

आपल्या कीर्तनांत चोरी आणि शिक्षेच्या गोष्टी काही कमी नाहीत. जनाबाईवर देवाचं पदक चोरल्याचा आळ आला, सुळावर नेलं, सुळाचं पाणी झालं, असं सांगतात. चोखोबांवरही असाच आळ आल्याची कथा आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं हुकमाशिवाय उघडली, आणि देव विठू महार होऊन बेदरच्या बादशहाकडे रक्कम भरून पावती घेऊन आला. या कथा ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. पण नीट बघा माऊली, जनाबाईनं पदक घेतलंच नव्हतं. दामाजीपंतांनी धान्य उचललं ते उपाशी लोकांसाठी. म्हणजे या सगळ्या निर्दोष माणसांच्या गोष्टी आहेत. निर्दोषाला जवळ करणं सोपं आहे. ज्यानं खरोखर केलं, त्याचं काय? तिथं आपल्याकडे वाल्या कोळी येतो, आणि त्याचंही आपण पटकन वाल्मीकी करून टाकतो. मधली वर्षं, अंगावर वारूळ चढेपर्यंतची, एका वाक्यात संपतात. नामदेवराय आधी वाटमारी करत अशीही एक आख्यायिका फिरते. अभ्यासक ती खरी मानत नाहीत, आम्हीही मानत नाही. पण ती लोकांना सांगावीशी का वाटली असेल, हा विचार मात्र करण्यासारखा आहे.

दामाजीपंतांच्या कथेतली पावती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. बादशहाचा शिक्का बसला, हिशेब मिटला, पुन्हा कोणी विचारायचं नाही. तुरुंगातून सुटणाऱ्यालाही कागद मिळतो, पण तो गावात चालत नाही. नोकरीला गेला की चारित्र्य पडताळणी, भाड्याची खोली मागितली की चौकशी. कायद्यानं काही दारं उघडली आहेत, नाही असं नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली ज्याला न्यायालय चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतं, त्याला त्या दोषसिद्धीमुळे अपात्र ठरवू नये असं त्यातच लिहिलं आहे. पण ती सवलत लहान गुन्ह्यांतल्यांना. मोठ्या शिक्षेवाल्याला ती नाही. आणि गंमत बघा: दोन वर्षं वा जास्त शिक्षा झालेला माणूस सुटल्यावर सहा वर्षांनी आमदारकीला उभा राहू शकतो. दिंडीत वीणा मिळायला आमच्याकडे तेवढाच वेळ लागला!

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत धाडसी प्रयोग कुठं झाला असेल तर तो पंढरपूरपासून फार लांब नसलेल्या माणदेशात, आटपाडीजवळ. ही हकीकत वारकऱ्यांना माहीत असायला हवी म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

औंध हे लहानसं संस्थान, तुकड्यातुकड्यांत पसरलेलं. आटपाडी हा त्याचाच दुष्काळी भाग. राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्कार आणि चित्रकलेसाठी प्रसिद्ध असलेले बाळासाहेब. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना केली. त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन हे त्या कामातले मोठे साथी. फ्रिडमन हे पोलंडचे ज्यू, शिक्षणानं इंजिनियर, म्हैसूर संस्थानात विजेच्या कारखान्यावर होते. पुढं भगवे कपडे घालून भारतानंद झाले. फ्रिडमन यांचं म्हणणं असं, की बेड्या घालून माणूस सुधारत नाही, त्याला जमीन द्या आणि विश्वास द्या. राजांनी ते ऐकलं. त्याच १९३९ साली स्वतंत्रपूर ही वसाहत उभी राहिली. कैद्यांची वसाहत आणि नाव स्वतंत्रपूर! भिंत नाही, गज नाहीत. कैद्यानं शेती करायची, बायकामुलांना सोबत आणून राहायचं. पळून जायला कोणाची आडकाठी नाही, फक्त त्यानं दिलेला शब्द.

ज्या राज्यात पाऊस नाही, पैसा नाही, तिथं राजानं खुनाच्या गुन्ह्यातल्या माणसांना उघड्यावर ठेवलं. शेजारच्या गावांना तेव्हा भीती वाटलीच असणार. आपल्याला एक सुटून आलेला माणूस पचला नाही, त्यांच्या उशाला तर वसाहतच आली. पण ती टिकली. संस्थान विलीन झालं तरी सरकारनं ती मोडली नाही. माणदेशातलेच ग. दि. माडगूळकर, त्यांना ही हकीकत घरची. त्यांनी कथा लिहिली, व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला आणि बर्लिनच्या महोत्सवापर्यंत तो गाजला. आमच्यातल्या काहींनी तो गोंदियाच्या टॉकीजमध्ये पाहिला आणि रडत बाहेर आलो. पण चित्रपटातल्या सहा खुन्यांसाठी रडणारे आम्ही, गावातल्या एकाला मात्र कडेच्या पंगतीला बसवत होतो.

स्वतंत्रपुरानंतर राज्यात खुली कारागृहं झाली. त्यांतलं एक नाथमहाराजांच्या पैठणला आहे, एक आपल्या विदर्भात मोर्शीला. चांगली वर्तणूक दाखवलेल्या कैद्याला तिथं शेतीवर पाठवतात.

विनोबांचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पवनार आपल्यापासून काय लांब आहे! १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे मराठीतलं एक मोठं पुस्तक गजाआड जन्मलं. पुढं नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट बघणाऱ्या तहसीलदार सिंगनं विनोबांना पत्र लिहिलं, मरण्याआधी दर्शन हवं म्हणून. त्यातून १९६० च्या मे महिन्यात विनोबा चंबळच्या खोऱ्यात पायी हिंडले आणि वीस डाकूंनी त्यांच्यापुढं बंदुका ठेवल्या. १९७२ साली जयप्रकाशजींसमोर शेकडोंनी ठेवल्या. विनोबांनी कोणाला माफी कबूल केली नव्हती. खटले चालतील, शिक्षा होईल, असंच सांगितलं होतं. हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. शिक्षा टाळून दिलेली संधी वेगळी, शिक्षा भोगून आल्यावरची वेगळी. आपल्या माणसानं चौदा वर्षं भोगली होती.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात आता आणखी जवळ आला आहे. सालेकसा, देवरीच्या जंगलात काय काय झालं ते आपण पाहिलं आहे. २००५ पासून राज्याची आत्मसमर्पण योजना आहे. शेजारच्या गडचिरोलीत ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीसारख्या मोठ्या नेत्यानं साठ साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली. ही पोरं कुठंतरी राहतील, कोणाच्या तरी गावात मोलमजुरी करतील, कदाचित एखाद्या दिंडीत टाळ मागतील. पण ज्यांच्या घरचा माणूस त्या बंदुकीनं गेला, तेही याच गावांत राहतात. त्यांना विचारल्याशिवाय दुसऱ्यांनी परस्पर उदार होणं बरोबर नाही. पुस्तकातल्या दयेत हे बहुतेक वेळा राहून जातं.

आमच्याकडूनही राहिलंच होतं. शेवटच्या ओळीत बसवायचं की पहिल्या, हे आम्ही पुरुषांनी ठरवलं. ज्या बाईचं कुंकू गेलं, ती त्याच दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन चालत होती, आणि तिला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. एका कार्तिकीला वाळवंटात भजन चाललं होतं. विणेकरी बुवांना ताप भरला. वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून ते इकडंतिकडं बघत होते. हात कोणीच पुढं केला नाही. आवाज होता तो एकाचाच, आणि तो मागं बसला होता. तेव्हा बायकांच्या ओळीतून ती बाई उठली, मागं गेली आणि त्याला म्हणाली, "ऊठ नं. देव उभा हाये तथं." एवढंच. त्या रात्रीपासून आठ वर्षं वीणा त्यांच्याकडे होती. तिनं त्यांच्याशी पुढं कधी बोलणं ठेवलं नाही, त्यांनीही तिच्या दारासमोरून जाणं टाळलं. आम्ही उगाच भरतभेट सांगणार नाही. घरं दूरच राहिली, वीणा मात्र चालली.

ते गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. यादी अडली तेव्हा आम्ही या वेळी मात्र आधी तिच्याकडे गेलो. आता नव्वदीच्या घरात आहे, ओसरीत खाटेवर बसलेली. सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याचं नाव छापा. वीणा धरली त्यानं. पन माह्या मालकाचंही छापा. तेही टार वाजवत होते, ते कोनाले आठवतच नाई."

खरंच आठवलं नव्हतं. टाळकऱ्यांच्या यादीत ते नाव आम्ही घेतलंच नव्हतं. चाळीस वर्षं सगळी चर्चा मारणाऱ्याची झाली, गेलेला वहीतून निघून गेला. त्या संध्याकाळी जुनी हजेरीची वही पुन्हा उघडली. त्यात सलग नऊ कार्तिकींना त्यांचं नाव सापडलं, वर्गणी सव्वा रुपया.

दोन्ही नावं या स्मरणिकेत घेतली आहेत. विणेकऱ्यांची यादी वर्षांच्या क्रमानं आहे, टाळकऱ्यांची गल्लीप्रमाणे. कोणत्याच नावापुढं टीप नाही.