खडकीचे इंजिन आणि करंजाचे तेल
१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालले. १९४६ साली खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. तिच्या इंजिनांनी विहिरी उपसल्या, त्या मुख्यतः खनिज तेलावर. करंजाचे कच्चे तेल दाट. ते नीट फवारले जात नाही, काजळी धरते. मिथेनॉलच्या प्रक्रियेने ग्लिसरीन वेगळे काढले, की पातळ बायोडिझेल मिळते. त्यातील ऑक्सिजनमुळे ज्वलन अधिक पूर्ण होऊन काजळी घटते. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र बहुधा किंचित वाढतात. इंधन जरा उशिरा फवारल्यास तीही आवरतात. अतिरेक केल्यास काजळी परतते. धूर विरला म्हणजे हवा शुद्ध झाली, असे नव्हे.